मधली पायरी कोणी काढून नेली?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि फुटबॉलच्या २०२७च्या आशिया चषकाकडे जाणारा भारताचा रस्ता तिथेच संपला. चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने आघाडी मिळवून दिली होती. मध्यंतराच्या तोंडावर सोंग उई-यंगने बरोबरी साधली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. मग मडगावपासून म्हापशापर्यंत चहाच्या टेबलांवर निकाल लागायला वेळ लागला नाही: देशी कोचला झेपत नाही. अडीच महिन्यांपूर्वी, १ ऑगस्टला, भारताच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक जाहीर झाली तेव्हा याच टेबलांवर ‘शेवटी आपला माणूस आला’ म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते.

खालिद आले तेव्हा गटाचं गणित आधीच बिघडलेलं होतं. चार संघांच्या गटातून एकच संघ पुढे जाणार, आणि भारताचे दोन सामने होऊन खात्यात एकच गुण: मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१. फातोर्ड्याच्या पाच दिवस आधी सिंगापूरमध्ये संदेश झिंगनला सत्तेचाळिसाव्या मिनिटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. रहीम अलीने शेवटी गोल करून १-१ केलं खरं, पण झिंगन पुढच्या सामन्याला मुकला. म्हणजे परतीचा विमानप्रवास आणि थकवा घालवायचा दिवस वजा करता नव्या बचावफळीची सवय करायला दोनेक सराव मिळाले असतील. त्यात स्पर्धेच्या हक्कांचा करार अडकल्यामुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरूच झालेला नव्हता. ऑक्टोबरात ज्यांच्या पायाखाली सात-आठ लीग सामने असायला हवेत, ते खेळाडू सरावाच्या जोरावर मैदानात उतरले होते. यातलं काहीही प्रशिक्षकाला माफी देण्यासाठी सांगत नाही. आघाडी घेऊन मध्यंतराला जाताना गोल खाणं ही संघाची सवय असते आणि सवय मोडायचं काम प्रशिक्षकाचंच. पण देशी-परदेशी हा वाद या सामन्यावरून घालायचा असेल, तर सामना चुकीचा निवडला आहे.

खरं तर वादच चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा गोव्याच्या डोळ्यांसमोर वर्षभर होता. २०२४-२५च्या हंगामात स्पेनचे मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवाचे आणि भारताचे प्रशिक्षक होते. क्लबने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला आणि ३ मे २०२५ला भुवनेश्वरमध्ये सुपर कप जिंकला. त्याच माणसाच्या हाताखाली राष्ट्रीय संघाने आठ सामन्यांत एक विजय मिळवला, तोही मालदीवविरुद्ध. माणूस एक, वर्ष एक, पासपोर्ट एक, खेळाडूंपैकी काही तर तेच. बदललं होतं ते काम. आणि सुपर कपच्या त्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने ३-० असं हरवलेल्या जमशेदपूरच्या डगआउटमध्ये खालिद जमील होते. तीन महिन्यांनी एकाची जागा दुसऱ्याने घेतली. दोघांच्या नशिबी आलेलं राष्ट्रीय संघाचं काम मात्र तेच राहिलं.

हे काम नेमकं काय असतं, ते बाहेरून नीट दिसत नाही. क्लबचा कोच हंगामात दोनशेच्या आसपास सराव घेतो. सोमवारी चूक दिसली तर मंगळवारी ती दुरुस्त करायला घेतो, जमली नाही तर पुढच्या मंगळवारी परत. राष्ट्रीय कोचकडे आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी फिफाने ठरवून दिलेल्या खिडक्या असतात. २०२५पर्यंत त्या अशा होत्या: मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. प्रत्येक खिडकी नऊ-दहा दिवसांची, दोन सामन्यांची. खेळाडू रविवारी क्लबसाठी खेळून सोमवारी दाखल होतात. जे नव्वद मिनिटं खेळून आलेत त्यांना पहिले ४८ तास धावायला लावता येत नाही. सायकल, पोहणं, मालिश, व्हिडिओ. जे बाकावर बसून आलेत त्यांना उलट जास्त काम द्यावं लागतं, म्हणजे पहिले दोन दिवस संघ दोन तुकड्यांत असतो. बुधवारी अकरा विरुद्ध अकरा असा एक पूर्ण सराव. गुरुवारी सामना. शुक्रवार थकवा घालवण्यात, शनिवार बहुतेक विमानात, रविवार-सोमवार मिळून दीड सराव, मंगळवारी दुसरा सामना. अख्ख्या खिडकीत डावपेचांचे खरे सराव तीन, फार तर चार.

तीन-चार सरावांत काय शिकवता येतं? चेंडू गेल्यावर कुठल्या रेषेवर उभं राहायचं, प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्या पासवर सगळ्यांनी मिळून दबाव टाकायचा, आणि कॉर्नर-फ्रीकिकच्या दोन-तीन मांडण्या. चेंडू पायाशी ठेवून मागून बांधत नेणारा खेळ एवढ्यात बसत नाही. क्लबमध्ये त्याला दोन-तीन महिने लागतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाची खरी परीक्षा म्हणून वगळण्यात असते: काय शिकवायचं नाही, ते ठरवण्यात. मार्केझ यांच्यासारखा रोजच्या सरावातून संघ घडवणारा माणूस इथे अडखळतो, यात नवल नाही.

तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक बॉब हॉटन यांनी यावर जुना उपाय केला होता. २०११च्या आशिया चषकाआधी त्यांनी खेळाडू क्लबांकडून काढून महिनोन्‌महिने शिबिरात ठेवले. क्लबांचा हंगाम विस्कटला आणि दोहामध्ये भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४ हरला. आज तो उपायही शक्य नाही. सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी क्लबांनी खेळाडू सोडायला शेवटपर्यंत टाळाटाळ केली. संघ आदल्या दिवशी पोहोचला आणि चीनकडून १-५ हरला. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद यांच्या पहिल्याच शिबिराला एका बड्या क्लबने आपले खेळाडू पाठवले नाहीत, कारण ती फिफाची खिडकी नव्हती. नियमाने क्लबचं बरोबर होतं. तरी त्या संघाने काफा नेशन्स कप स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या मैदानावर २-१ हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं. कमी दिवसांत थोडंच पण पक्कं शिकवायचं, ही खालिद यांची हातोटी आहे. ती त्यांनी कुठे कमावली, तिकडे मी येतोच आहे.

गोव्यासाठी हा विषय जुना आहे. २०११मध्ये हॉटन गेल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आर्मांद कुलासो यांना बोलावलं. धेंपो या गोव्याच्या क्लबला त्यांनी तोवर चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती: २००४-०५, २००६-०७, २००७-०८ आणि २००९-१०. जुलैमध्ये विश्वचषक पात्रतेची संयुक्त अरब अमिरातीशी गाठ पडली. अल ऐनमध्ये पूर्वार्धातच देबब्रत रॉय आणि गोलरक्षक सुब्रत पाल यांना लाल कार्डं मिळाली, उरलेला सामना नऊ जणांनी खेळून भारत ०-३ हरला. पाच दिवसांनी दिल्लीत २-२. काही महिन्यांत कुलासो बाजूला झाले आणि त्याच हंगामात धेंपोला त्यांनी पाचवं विजेतेपद मिळवून दिलं. त्यांची जागा त्यांचे सहायक सावियो मेदेरा यांनी घेतली. साळगावकरचा आणि भारताचा जुना मध्यरक्षक. डिसेंबर २०११मध्ये त्यांनी दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकला, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-० हरवून. मार्च २०१२मध्ये काठमांडूच्या एएफसी चॅलेंज कपमध्ये ताजिकिस्तानकडून ०-२, फिलिपिन्सकडून ०-२, उत्तर कोरियाकडून ०-४. संपलं. विम कूव्हरमान्स आले, मग स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमॅच, मार्केझ. पुढची तेरा वर्षं भारताच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक म्हणून एकही भारतीय बसला नाही.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी दोघांच्या नेमणुकीला ‘गोमंतकाचा सुपुत्र’ छापाचे मथळे दिले. दोघांना मिळून पुरतं एक वर्षही मिळालं नाही याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. कूव्हरमान्स यांना दोन वर्षांहून जास्त काळ मिळाला, स्टिमॅच यांना पाच. मेदेरा पुढे महासंघाच्या प्रशिक्षक-शिक्षणाच्या कामात गेले. देशभरचे कोच त्यांच्या हाताखालून गेले. वाया गेलं असं म्हणता येत नाही. पण चॅलेंज कपमध्ये जे चुकलं ते दुरुस्त करून बघायची संधी ज्याला मिळायला हवी होती, तो वर्गात शिकवत होता.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. २०११मध्ये महासंघाला हाक मारायला गोव्यात एका पाठोपाठ एक दोन माणसं सापडली, हा योगायोग नव्हता. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांची यादी काढून बघा: पाच वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. उरलं एक, २००५-०६. ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकलं, आणि त्यांचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा, साळगावकरचे माजी बचावपटू. नऊपैकी नऊ ठिकाणी गोवा कुठल्या ना कुठल्या रूपात होता.

धेंपोचीच खोली उघडून पाहिली तर कोच कसे घडतात ते कळतं. कुलासो तिथे दहा वर्षांहून अधिक काळ टिकले. एक कोच इतका काळ टिकला की खेळाडूला सरावाचं वेळापत्रक पाठ होतं, आणि पाठ झालं की तो ‘का’ विचारायला लागतो. मंगळवारी पळायचं का, सामन्याच्या आदल्या दिवशी मैदान अर्धं का करायचं, रँटी मार्टिन्ससारखा परदेशी आघाडीपटू असताना मधल्या फळीने किती वर जायचं. त्या खोलीत बसणारा क्लिफर्ड मिरांडा पुढे कोच झाला, महेश गवळी झाला, समीर नाईक झाला. गवळी तर २०२३च्या सॅफ स्पर्धेत उपांत्य आणि अंतिम सामन्यात प्रत्यक्ष बाकावर होता, कारण मुख्य प्रशिक्षक स्टिमॅच यांच्यावर लाल कार्डामुळे बंदी होती. दोन्ही सामने पेनल्टी शूटआउटपर्यंत गेले, दोन्ही भारताने जिंकले. पेनल्टी कोण घेणार, कुठल्या क्रमाने, कोणाचे पाय दुखताहेत, हे ठरवायला मैदानाच्या कडेला दोन-तीन मिनिटं मिळतात. ती मिनिटं कुठल्या अभ्यासक्रमात नसतात. ती खेळाडू म्हणून पाहिलेली आणि सहायक म्हणून अनुभवलेली असावी लागतात.

मोठा खेळाडू आपोआप मोठा कोच होतो, हा मात्र आपला आवडता गैरसमज आहे. भारताला १९५१ आणि १९६२चं आशियाई सुवर्ण मिळवून देणारे, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, १९९७चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, पण राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक ते कधी झाले नाहीत, आणि त्याने त्यांचं काही कमी होत नाही. खेळाडूपणामुळे दोन गोष्टी मिळतात: ड्रेसिंग रूममध्ये तुमचं ऐकून घेतलं जातं, आणि कोण थकलाय ते लांबून दिसतं. बाकी सगळं शिकावं लागतं.

आणि शिकताना काय चुकतं तेही ठरलेलं आहे. महासंघाचं ई आणि डी, मग आशियाई महासंघाचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशी लायसन्सांची उतरंड आहे. दोन पातळ्यांच्या मध्ये संघ हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. प्रो हे तर टप्प्याटप्प्याने वर्षभर चालणारं प्रकरण. नुकताच बूट काढून ठेवलेला खेळाडू पहिल्या अभ्यासक्रमाला आला की तो करून दाखवतो; संघाला करायला लावत नाही. चेंडू स्वतःच्या पायात घेतो, तीन बचावपटूंमधून काढतो आणि म्हणतो, असं. मुलं टाळ्या वाजवतात, शिकत काही नाहीत. दुसरी चूक मैदानाच्या मापाची. चार विरुद्ध चारचा दबावाचा सराव साधारण ३० बाय २० मीटरमध्ये घ्यायचा असतो. तोच ५० बाय ४०मध्ये घेतला की चेंडू असलेल्याला इतकी मोकळीक मिळते की दबाव येतच नाही, आणि कोच ओरडत बसतो की पळत का नाही. तिसरी चूक बोलण्याची. खेळ थांबवला की एकच चूक, तीस सेकंदांत, आणि खेळ पुन्हा सुरू. नवे कोच पाच चुका सांगतात, अंग थंड पडतं, आणि नंतरच्या धावेत कोणाचा तरी मांडीमागचा स्नायू जातो.

या चुका वर्गात कळतात, पण सुटतात त्या संघावर हात बसल्यावर. त्यासाठी असा संघ लागतो जिथे हरलं तरी आभाळ कोसळत नाही, पण हरलेलं लागतं मात्र. फार खाली, शाळेच्या स्पर्धेत, प्रतिस्पर्धी तुमच्या चुकीची शिक्षा देत नाही. फार वर, सुपर लीगमध्ये, तीन सामने हरलात की घरी. मधला स्तर हवा. गोव्याच्या तीन-चार क्लबांनी राष्ट्रीय लीग खेळायची, दर आठवड्याला कोलकाता, पुणे, शिलाँगला जायचं, हरायचं, परत यायचं: ही ती पायरी होती.

२०१६मध्ये ती निघाली. तोवरच्या अव्वल राष्ट्रीय लीगला, म्हणजे आय-लीगला, दुय्यम स्थान देणाऱ्या महासंघाच्या आराखड्याच्या निषेधात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा बाहेर पडले, आणि दुसऱ्या विभागातून नुकताच वर आलेला धेंपोही. राष्ट्रीय पातळीवर गोव्याचे बाक एकदम कमी झाले. एका बाकावर मुख्य प्रशिक्षक, दोन सहायक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, शारीरिक तयारी पाहणारा असे पाच लोक धरले, तर तीन क्लब म्हणजे पंधरा माणसांची शाळा बंद. क्लबांचा राग रास्त होता, महासंघाचा आराखडा एकांगी होता, हे सगळं मान्य. पण भांडण मालक आणि महासंघ यांचं होतं आणि दंड भरला तो चाळिशीतल्या सहायक कोचांनी.

इथे इतिहासाने एक विचित्र गाठ मारून ठेवली आहे. २०१५-१६मध्ये आय-लीगमधून खाली गेलेला ऐझॉल एफसी गोव्याचे क्लब निघून गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर परत घेतला गेला. त्यांनी खालिद जमील यांना आणलं आणि ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी करून विजेतेपद मिळवलं, मोहन बागानच्या ३६ गुणांपुढे ३७ गुण घेऊन. म्हणजे आजच्या राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी झेप गोव्याने रिकाम्या केलेल्या खुर्चीवरून झाली.

त्याआधीची सात वर्षं त्याहून महत्त्वाची. दुखापतींनी खेळ थांबल्यावर खालिद २००९मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि २०१६पर्यंत तिथेच राहिले. लहान अंदाजपत्रक, तळातून सुटण्याची दरवर्षीची धडपड. असा संघ चालवणारा कोच बाकीचं सोडून दोन गोष्टी पक्क्या करतो: गोल कमी खायचे, आणि कॉर्नर-फ्रीकिकवर एखादा तरी मारायचा. कमी सरावात थोडंच पण पक्कं शिकवायची ती हातोटी तिथून आली. राष्ट्रीय संघाला आज नेमकी तीच लागते. ते मुंबई एफसीसुद्धा २०१७मध्ये खालच्या विभागात गेल्यावर बंद पडलं.

मधली पायरी नसली की भारतीय कोच वर जातो कसा? खिडकीतून. हंगामाच्या मध्ये परदेशी कोचला काढलं की ‘हंगामी’ म्हणून. २०२०च्या सुरुवातीला एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना काढलं. मिरांडाने सूत्रं घेतली, शेवटच्या साखळी सामन्यात जमशेदपूरला ५-० हरवलं, लीग शील्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा पक्की झाली. पुढच्या हंगामाला कोच आला तो स्पेनहून, हुआन फेरांडो. डिसेंबर २०२१मध्ये फेरांडो मध्येच दुसऱ्या क्लबकडे गेले तेव्हा डेरिक परेरांना बोलावलं. एप्रिल २०२३मध्ये मिरांडाने हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, अंतिम सामन्यात बंगळूरला २-१ हरवून. महिन्याभरात ओडिशाने नवा मुख्य प्रशिक्षक आणला. कोण? सर्जिओ लोबेरा. एखाद्या तियात्रात दाखवलं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, अती झालं. खालिदही २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडे असेच हंगामी म्हणून आले, आणि तो हंगाम कोविडमुळे पूर्ण गोव्यातच, वास्को, बांबोळी आणि फातोर्ड्याच्या मैदानांवर झाला. नऊ साखळी सामने न हरता त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. तेव्हा कुठे पुढच्या हंगामाचं कायम पत्र मिळालं.

हंगामी कोचची अडचण पगाराची नसते. त्याने निवडलेला एकही खेळाडू संघात नसतो, हंगामापूर्वीची सहा आठवड्यांची तयारी त्याची नसते, सहायक दुसऱ्याचे असतात. तो जिंकला तर श्रेय आधीच्याच्या तयारीला, हरला तर देशी कोचला झेपत नाही.

यावर लोक नेहमीची सूचना करतात: सुपर लीगमध्ये इतके भारतीय मुख्य कोच सक्तीचे करा. माझा त्याला विरोध आहे. सक्ती केली की क्लब एका भारतीयाला कागदावर मुख्य ठेवतील आणि ‘तांत्रिक संचालक’ असा परदेशी माणूस त्याच्या मागे उभा करतील. मैदानावर एका वेळी फार तर चार विदेशी खेळाडू, या नियमाचं काय झालं ते समोर आहे. क्लब ती चार माणसं मधल्या बचावात, मधल्या फळीच्या कण्यात आणि गोल मारायच्या जागी लावतात, आणि मग जून २०२४मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५मध्ये, चाळिशीत, परत बोलवावं लागतं.

करायचं आहे ते खाली. सुपर लीगच्या क्लबांचे दुसरे संघ राज्य लीगमध्ये उतरावेत आणि त्या संघाचा मुख्य कोच पहिल्या संघाचा भारतीय सहायकच असावा. आठवड्यात चार दिवस मोठ्या कोचच्या बाजूला उभं राहायचं, पाचव्या दिवशी धुळेरच्या मैदानावर स्वतः अकरा नावं लिहायची, स्वतः बदल करायचे, स्वतः हरायचं. गोव्यात हे जमायला सगळं हाताशी आहे: अंतर कमी, मैदानं आहेत, लीग आहे, शासनाच्या फुटबॉल विकास परिषदेची गावोगावची केंद्रं आहेत. केंद्रांत मुलांची संख्या मोजली जाते. तिथल्या कोचने वर्षात पुढचं लायसन्स घेतलं का आणि त्यासाठी त्याला पगारी रजा मिळाली का, हेही मोजलं जावं. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या मुलांना सासष्टीतल्या क्लबपर्यंत पोहोचवणारा दुवा हाच कोच असतो, आणि कंत्राट संपलं की तो दुवाही तुटतो.

राज्याच्या गोवा प्रो लीगच्या क्लबांकडून एक अट घेतली तरी पुरे: कोचचा करार बारा महिन्यांचा. हंगामापुरता करार असला की शेवटच्या सामन्यानंतर पगार थांबतो, कोच दुसरी नोकरी धरतो, पावसाळ्यात खेळाडूंच्या शरीराकडे बघणारं कोणी उरत नाही, आणि नव्या हंगामाच्या पहिल्या तीन आठवड्यांत दुखापतींची रांग लागते. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच येईल. एका सामान्य परदेशी खेळाडूवर क्लब हंगामाला जे घालवतो, त्यात ए लायसन्सचा कोच वर्षभर ठेवून त्याची प्रोची फीही भरता येते.

राष्ट्रीय स्तरावर माझी मागणी याहून छोटी आहे. २०२६पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या खिडक्या जोडून चार सामन्यांची एकच लांब खिडकी होते आहे. राष्ट्रीय कोचला सलग सोळा दिवस मिळतील. ते कोणालाही मिळोत, खालिद जमील असोत की उद्या दुसरं कोणी, त्याच्यासोबतचे सहायक पुढच्या कोचकडेही तसेच राहावेत, आणि त्यांत किमान दोघं राज्य लीगमध्ये स्वतंत्रपणे संघ चालवलेले भारतीय असावेत. २०११मध्ये कुलासो गेले तेव्हा मेदेरा निदान त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. मेदेरा गेले तेव्हा मात्र खुर्ची शेजारच्याकडे गेली नाही.